म्यूऑन पेरून चुंबकत्व आणि अतिसंवाहकता कशी अभ्यासतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्यूऑन म्हणजे काय, आणि तो पदार्थात सोडायचा कशासाठी?

म्यूऑन हा इलेक्ट्रॉनच्याच घराण्यातला, पण त्याच्या सुमारे २०७ पट वस्तुमानाचा कण आहे. कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमेयर यांना तो १९३६ मध्ये विश्वकिरणांत आढळला. पदार्थाच्या अभ्यासासाठी मुख्यतः धन भाराचा म्यूऑन वापरतात. त्याचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे एक-नवमांश असल्यामुळे स्फटिकात शिरल्यावर तो हलक्या प्रोटॉनसारखा वागतो. त्याला स्पिन, म्हणजे स्वतःभोवती फिरण्यासारखा एक अंगभूत गुण, असतो आणि स्पिनबरोबर येणारे चुंबकीय परिबलही असते, म्हणजे तो इवल्या चुंबकासारखा वागतो. त्यामुळे कललेल्या भोवऱ्याचा अक्ष जसा घुमत राहतो, तशी चुंबकीय क्षेत्रात त्याच्या स्पिनची दिशा क्षेत्राभोवती फिरत राहते. या फिरण्याला परांचन म्हणतात. परांचनाची वारंवारता क्षेत्राच्या सम प्रमाणात असते : १ टेस्लाला १३५.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साडेतेरा कोटींहून अधिक फेऱ्या. फेऱ्या मोजल्या की क्षेत्र कळले. मात्र प्रत्येक म्यूऑन सांगतो ते त्याच्या स्वतःच्या बैठकीच्या जागेचे क्षेत्र, आणि या तंत्राची ताकद व त्याच्या अडचणी या दोन्ही याच एका गोष्टीतून निघतात.

हे म्यूऑन मिळतात कोठून?

कणवेगवर्धकातून. वेगवान प्रोटॉनांची शलाका ग्रॅफाइटच्या लक्ष्यावर आदळली की पायॉन निर्माण होतात, आणि धन पायॉन सरासरी २६ नॅनोसेकंदांत विघटन पावून एक म्यूऑन व एक न्यूट्रिनो देतो. पदार्थाच्या अभ्यासाला पुरेल इतकी तीव्र म्यूऑन शलाका पुरवणारी केंद्रे जगात मोजकीच आहेत. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर इन्स्टिट्यूट आणि कॅनडातील ट्रायम्फ येथे सायक्लोट्रॉन आहेत, तर इंग्लंडमधील रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेचे आयसिस आणि जपानमधील जे-पार्क येथे सिंक्रोट्रॉन आहेत. सायक्लोट्रॉनची शलाका अखंड असते आणि सिंक्रोट्रॉनची स्पंदित. या फरकाचा प्रयोगावर मोठा परिणाम होतो, त्याविषयी पुढे येईल.

सगळ्या म्यूऑनांचे स्पिन एकाच दिशेला कसे काय असतात? चुंबक लावून ते वळवावे लागतात का?

वळवावे लागत नाहीत, आणि ही निसर्गाची मोठीच कृपा म्हटली पाहिजे. पायॉनला स्पिन नसतो. तो स्थिर असताना विघटन पावला, तर म्यूऑन आणि न्यूट्रिनो विरुद्ध दिशांना फेकले जातात आणि दोघांच्या स्पिनची बेरीज शून्य राहावी लागते. न्यूट्रिनोचा स्पिन नेहमी त्याच्या गतीच्या उलट दिशेला असतो. म्हणून म्यूऑनलाही आपला स्पिन आपल्या गतीच्या उलट दिशेलाच ठेवावा लागतो. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागालगत थांबलेल्या पायॉनांपासून निघणारे, ४.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट गतिज ऊर्जेचे म्यूऑन गोळा केले की जवळजवळ शंभर टक्के ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेला स्पिन असलेली, शलाका आयती हाती येते. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनात, म्हणजे एनएमआरमध्ये, बलवान चुंबक लावूनही अणुकेंद्रांचे ध्रुवण अत्यल्पच राहते. म्यूऑनच्या बाबतीत बाहेरचे क्षेत्र शून्य असो वा कित्येक टेस्ला, तापमान काहीही असो, ध्रुवण मुळातच पूर्ण असते.

दुर्बल अन्योन्यक्रियेत, म्हणजे अशी विघटने घडवणाऱ्या मूलभूत बलात, समता (आरशातील प्रतिमेतही तसेच वर्तन असणे) पाळली जात नाही, या ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या शक्यतेचा हा थेट परिणाम आहे. १९५७ मध्ये गार्विन, लेडरमन आणि वाइनरिक यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या सायक्लोट्रॉनवर म्यूऑनच्या विघटनातील ही विषमता दाखवली. ध्रुवित म्यूऑन हे अणूंतील आणि अणूंमधल्या जागेतील चुंबकीय क्षेत्रे शोधण्याचे साधन होऊ शकतील, असेही त्यांनी त्याच छोट्या निबंधात सुचवून ठेवले. कणभौतिकीच्या एवढ्या मोठ्या शोधाच्या निबंधात पदार्थविज्ञानाचे एक संपूर्ण तंत्र एखाद्या वाक्यात यावे, हे मला अजूनही थक्क करते.

म्यूऑन तर दोन मायक्रोसेकंदांत संपतो. मग तो माहिती देतो केव्हा?

संपता संपता. त्याचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद आहे, आणि शेवटी तो एक पॉझिट्रॉन व दोन न्यूट्रिनो देऊन नाहीसा होतो. हा पॉझिट्रॉन त्या क्षणी म्यूऑनचा स्पिन जिकडे असेल तिकडे बाहेर पडण्याचा संभव अधिक असतो. एका पॉझिट्रॉनवरून काही सिद्ध होत नाही. लाखो पॉझिट्रॉनांची दिशा व वेळ नोंदवली की त्यातून स्पिनची वाटचाल उभी राहते.

प्रत्यक्ष मांडणी अशी असते. नमुन्याच्या पुढे आणि मागे डिटेक्टर ठेवलेले असतात. अखंड शलाकेवर म्यूऑन एका पातळ चकाकी-पटलातून (कण गेला की चमकणाऱ्या पटलातून) आत शिरतो तेव्हा घड्याळ सुरू होते, आणि पॉझिट्रॉन डिटेक्टरमध्ये पोहोचला की थांबते. मधला अवधी हिस्टोग्राममध्ये जमा होतो. दोन्ही डिटेक्टरांच्या नोंदींत म्यूऑनच्या क्षयाचा घातीय उतार दिसतो आणि त्या उतारावर परांचनाची लहर चढलेली असते. पुढच्या आणि मागच्या नोंदींच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की उतार निघून जातो आणि उरते ती असममिती. पहिल्या क्षणी तिचे मूल्य व्यवहारात ०.२ ते ०.२५ च्या आसपास असते. प्रयोगशाळेत पडद्यावर जो आलेख सगळे टक लावून पाहत असतात, तो असममिती आणि काळ यांचाच. सुरुवातीला त्यावर नुसते ठिपक्यांचे धुके असते. नोंदी काही दशलक्षांवर गेल्या की त्या धुक्यातून लहर वर येऊ लागते.

बाहेरचे क्षेत्र शून्य ठेवून मोजण्यात विशेष ते काय?

माझ्या मते या तंत्राचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे. एनएमआरला बहुधा बलवान बाह्य क्षेत्र लागते, आणि नाजूक चुंबकीय अवस्था त्या क्षेत्रानेच बदलून जाण्याची भीती असते. म्यूऑनला तशी गरज नाही. बाह्य क्षेत्र शून्य असताना लहर दिसली, तर ते क्षेत्र पदार्थाने स्वतः निर्माण केलेले आहे, याविषयी शंका उरत नाही. निकेलमध्ये, उदाहरणार्थ, म्यूऑनला सुमारे ०.१५ टेस्ला क्षेत्र जाणवते आणि लहर २० मेगाहर्ट्झच्या आसपास येते. तापमान वाढवत नेले की लहर मंदावते, आणि क्यूरी तापमानाला, म्हणजे जेथे चुंबकत्व संपते तेथे, ती नाहीशी होते.

चुंबकीय क्रम नसलेल्या पदार्थातही म्यूऑन अगदी शांत बसत नाही, कारण आसपासच्या अणुकेंद्रांची इवली क्षेत्रे असतात. ती स्थिर आणि सर्व दिशांना यदृच्छ विखुरलेली असतील, तर असममिती आधी खाली उतरते, किमान गाठते आणि मग मूळ मूल्याच्या एक-तृतीयांशाकडे परत चढते. कारण सोपे आहे : दिशा यदृच्छ असल्या, तरी क्षेत्राचा सरासरी एक-तृतीयांश भाग स्पिनला समांतर पडतो, आणि समांतर क्षेत्र स्पिनला फिरवू शकत नाही. हा आकार कुबो आणि तोयाबे यांनी प्रत्यक्ष म्यूऑन प्रयोगांच्या कितीतरी आधी गणिताने काढला होता. तांब्यात त्याचे किमान सुमारे साडेचार मायक्रोसेकंदांवर येते. म्हणजे म्यूऑनच्या सरासरी आयुष्याच्या दुपटीवर. ती परत चढणारी शेपटी पाहायची तर बऱ्याच उशिरापर्यंत मोजणी टिकावी लागते.

क्षेत्र स्थिर आहे की हलते, हे कसे ओळखायचे?

स्पिनला समांतर असे बाह्य क्षेत्र लावून. आतली क्षेत्रे स्थिर असतील, तर त्यांच्याहून काही पटींनी मोठे समांतर क्षेत्र लावताच म्यूऑनचा स्पिन त्याला धरून राहतो आणि शिथिलन, म्हणजे असममितीचे विरत जाणे, थांबते. आतली क्षेत्रे वेगाने बदलत असतील, तर तेवढ्या क्षेत्राला न जुमानता शिथिलन चालूच राहते. स्पिन-काच म्हणवणारे, अस्ताव्यस्त दिशांना स्पिन गोठलेले पदार्थ आणि शून्य केल्विनच्या जवळही न गोठणारे संभाव्य स्पिन-द्रव यांच्यातला भेद याच कसोटीवर तपासला जातो. नुसत्या शून्य-क्षेत्र आलेखातील घातीय उतार पाहून 'येथे चलनशील स्पिन आहेत' असे लिहून टाकणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. विरळ, पण पूर्ण स्थिर परिबलेही तसाच उतार देऊ शकतात.

न्यूट्रॉन प्रकीर्णन (न्यूट्रॉन पदार्थात सोडून ते कसे विखुरतात ते पाहणे) असताना म्यूऑन कशाला?

दोघे वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. चुंबकीय परिबलांची रचना कशी आहे, त्यांची पुनरावृत्ती किती अंतराने होते, हे न्यूट्रॉन सांगतो. एकटा म्यूऑन ते सांगू शकत नाही. उलट, क्रम फार लहान पट्ट्यांपुरता असेल किंवा परिबल बोहर मॅग्नेटॉनच्या (इलेक्ट्रॉनचे परिबल मोजण्याच्या एककाच्या) शतांशाइतके क्षीण असेल, तर न्यूट्रॉनचा संकेत पार्श्वभूमीत हरवू शकतो, आणि म्यूऑन ते शेजारी बसून ऐकतो. एका बोहर मॅग्नेटॉनचे परिबल ०.२ नॅनोमीटर अंतरावर सुमारे ०.१ टेस्ला क्षेत्र देते, आणि म्यूऑनला त्याच्या दहा-हजारांश क्षेत्राचीही चाहूल लागते. क्षेत्रांच्या चढउतारांचा जो वेग म्यूऑनला दिसतो, तो साधारणतः सेकंदाला १० हजारांपासून १० हजार कोटींपर्यंत पसरलेला आहे. न्यूट्रॉनचा पल्ला यापेक्षा वेगवान बाजूला आणि प्रत्यावर्ती क्षेत्रातील ग्रहणशीलतेचा (पदार्थ क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्या मोजमापाचा) संथ बाजूला पडतो.

आणखी एक फायदा अनेकदा दुर्लक्षिला जातो. नमुन्याचा अर्धाच भाग चुंबकीय असेल, तर म्यूऑनच्या आलेखात लहरीचा आयाम निम्मा होतो, पण वारंवारता तीच राहते. संपूर्ण नमुन्यात परिबलेच निम्मी असतील, तर आयाम पूर्ण राहतो आणि वारंवारता निम्मी होते. न्यूट्रॉनच्या एका शिखराच्या उंचीवरून या दोन शक्यता वेगळ्या काढणे कठीण असते. अतिसंवाहकता (विरोधाविना वीज वाहणे) आणि चुंबकत्व एकाच पदार्थात एकत्र नांदतात की शेजारी-शेजारी वेगळ्या भागांत राहतात, हा वाद बहुतेक वेळा याच फरकावर येऊन ठेपतो.

अतिसंवाहकात म्यूऑनने काय मोजतात?

मुख्यतः चुंबकीय प्रवेशखोली, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अतिसंवाहकाच्या पृष्ठभागापासून किती आत शिरते ते अंतर. दुसऱ्या प्रकारच्या अतिसंवाहकाला स्पिनशी काटकोनात असलेल्या क्षेत्रात थंड केले, की क्षेत्र आवर्तांच्या, म्हणजे भोवती प्रवाह फिरत असलेल्या बारीक नळ्यांच्या, रूपाने आत शिरते आणि हे आवर्त जालकात रचले जातात. ४० मिलिटेस्ला क्षेत्रात दोन शेजारच्या आवर्तांमधले अंतर सुमारे २५० नॅनोमीटर असते. अणूंच्या जालकापेक्षा हे अंतर शेकडो पटींनी मोठे असल्यामुळे म्यूऑन अणूंच्या मध्ये कोठेही थांबत असले, तरी आवर्तांच्या जालकाच्या दृष्टीने ते सर्वत्र सारखे विखुरलेले असतात. कोणी आवर्ताच्या गाभ्याजवळ मोठ्या क्षेत्रात असतो, तर कोणी दोन आवर्तांमधल्या दरीत. प्रत्येकाची वारंवारता थोडी वेगळी पडते आणि एकत्रित लहर लवकर विरते. ती किती लवकर विरते, यावरून क्षेत्राची पसरण कळते, आणि पसरणीवरून प्रवेशखोली.

आकड्यांत पाहू. प्रवेशखोली २०० नॅनोमीटर असेल, तर त्रिकोणी जालकातील क्षेत्राची पसरण सुमारे ३ मिलिटेस्ला भरते आणि लहरीचा विरण्याचा दर सेकंदाच्या दशलक्षांशाला सुमारे २.७ येतो. प्रवेशखोली दुप्पट झाली, तर हा दर चौपट कमी होतो, कारण तो प्रवेशखोलीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. अतिसंवाहक इलेक्ट्रॉनांची घनता भागिले त्यांचे परिणामी वस्तुमान ही राशीही नेमकी याच प्रमाणात असते. म्हणजे आलेखातील उतार जवळजवळ सरळच अतिसंवाहक इलेक्ट्रॉनांची मोजदाद करतो. तापमान कमी करत गेल्यावर ही राशी कशी स्थिरावते, हेही बोलके असते. ती सपाट झाली, तर ऊर्जेतील फट (अतिसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडायला लागणारी ऊर्जा) सर्व दिशांना शाबूत असावी. शून्याजवळही ती सरळ रेषेत वाढत राहिली, तर फटीला काही दिशांत छिद्रे असावीत. १९८९ मध्ये तोमो उएमुरा आणि सहकाऱ्यांनी अनेक ताम्र-ऑक्साइड अतिसंवाहकांचे विरण्याचे दर आणि संक्रमण तापमान (ज्याखाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते) एकाच आलेखावर मांडले, तेव्हा कमी भारवाहकांच्या बाजूचे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर आले. ती रेषा का येते, यावर अजूनही वाद होतात.

'कालव्युत्क्रम सममिती मोडणे' म्हणजे काय, आणि त्यात म्यूऑनचा वारंवार उल्लेख का येतो?

काळ उलटा फिरवला तर प्रवाह उलटे वाहतात आणि चुंबकीय क्षेत्राची दिशाही उलटते. साध्या अतिसंवाहकाच्या मूळ अवस्थेत आपोआप निर्माण झालेले क्षेत्र नसते, त्यामुळे तिला काळाच्या दिशेने फरक पडत नाही. एखाद्या अतिसंवाहकात संक्रमण तापमानाखाली, बाहेरून काहीही न लावता, अत्यंत क्षीण क्षेत्रे उगवली, तर ही सममिती मोडली आहे असा अर्थ होतो. १९९८ मध्ये ल्यूक आणि सहकाऱ्यांनी सुमारे १.५ केल्विनला अतिसंवाहक होणाऱ्या स्ट्राँशियम रुथेनेटमध्ये शून्य-क्षेत्र म्यूऑन प्रयोगांनी अशी खूण नोंदवली.

येथे सावधगिरी हवी. वाढलेले शिथिलन फार थोडे असते, आणि बाहेरचे पृथ्वीचे वगैरे क्षेत्र कॉइल लावून काटेकोरपणे नाहीसे केले नसेल, तर फसगत होते. शिवाय क्षेत्र आहे एवढेच म्यूऑन सांगतो. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कोणत्या जातीच्या आहेत, हे सांगत नाही. स्ट्राँशियम रुथेनेटच्या जोड्यांचे स्पिन समांतर असल्याचे अनेक वर्षे मानले जात होते. २०१९ मधील एनएमआरच्या नव्या मोजमापांनी ती समजूत हादरवली, आणि म्यूऑनच्या जुन्या निरीक्षणाला आता वेगळ्या चौकटीत बसवावे लागत आहे. निरीक्षण टिकले, अर्थ बदलला.

म्यूऑन स्फटिकात नेमका थांबतो कोठे?

या तंत्राची दुखरी नस हीच. शलाकेतला म्यूऑन घन पदार्थात साधारणतः काही दशांश मिलिमीटर आत शिरतो, नॅनोसेकंदाच्या आत ऊर्जा गमावतो आणि अणूंमधल्या एखाद्या रिकाम्या जागी विसावतो. वेग कमी होताना होणाऱ्या टकरी विद्युतीय असल्यामुळे स्पिनला धक्का लागत नाही. ऑक्साइडमध्ये तो ऑक्सिजनपासून सुमारे ०.१ नॅनोमीटरवर, हायड्रोजन बांधला जातो तसा, बसतो. फ्लोराइडांत बरेचदा तो दोन फ्लोरिन आयनांना आपल्याकडे ओढून मधोमध बसतो, आणि त्या तिघांच्या परिबलांतून असा वैशिष्ट्यपूर्ण लहरींचा नमुना उमटतो, की म्यूऑनने आपला पत्ता स्वतःच लिहून दिला असे वाटावे. इतर ठिकाणी पत्ता संगणकाने काढावा लागतो. इलेक्ट्रॉन-घनतेवर आधारित आकडेमोडीत एक म्यूऑन घालून अणू कसे सरकतात ते पाहतात.

'म्यूऑनच पदार्थ बदलत असेल तर?' हा आक्षेप रास्त आहे. त्याच्या निकटचे अणू सरकतात हे खरे. पण संक्रमण तापमान इतर पद्धतींशी जुळते का, क्षेत्राचे तापमानाशी असलेले नाते शुद्ध पदार्थाला शोभणारे आहे का, हे तपासता येते, आणि बहुसंख्य धातूंत व चुंबकीय पदार्थांत निष्कर्ष टिकतो. काही थोड्या पदार्थांत मात्र म्यूऑनने आपल्या शेजारच्या आयनांचे ऊर्जास्तर बदलल्याचे दिसले आहे, म्हणून प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

अखंड शलाका घ्यावी की स्पंदित?

अखंड शलाकेवर नमुन्यात एका वेळी एकच म्यूऑन ठेवतात, त्यामुळे वेळेची अचूकता नॅनोसेकंदाहून सरस असते आणि शेकडो मेगाहर्ट्झच्या लहरी दिसतात; पण भटक्या नोंदींची पार्श्वभूमी राहते आणि दहा मायक्रोसेकंदांपलीकडे फारसे काही वाचता येत नाही. स्पंदित शलाकेवर शेकडो-हजारो म्यूऑन एकदम येतात. आयसिसला सेकंदाला ५० स्पंद निर्माण होतात आणि जे-पार्कला २५. दोन स्पंदांच्या मध्ये सामसूम असल्याने पार्श्वभूमी नगण्य असते आणि वीस मायक्रोसेकंदांपर्यंतचे मंद शिथिलन वाचता येते. परंतु स्पंदाची रुंदीच दहा-दहा नॅनोसेकंदांच्या पटीत असल्याने वेगवान लहरी पुसल्या जातात. निकेलची २० मेगाहर्ट्झची लहर तेथे शोधू नये.

पातळ थर अभ्यासता येतात का?

नेहमीच्या शलाकेने नाही. म्यूऑन थर भेदून पलीकडे जातात. पॉल शेरर इन्स्टिट्यूटमध्ये गोठवलेल्या आर्गॉन-नायट्रोजनच्या पापुद्र्यातून म्यूऑनांना जवळजवळ थांबवतात आणि मग हव्या त्या व्होल्टेजने पुन्हा वेग देतात. या वाटेत बहुतांश म्यूऑन गमवावे लागतात, पण उरलेल्यांची खोली काही नॅनोमीटरपासून सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत ठरवता येते. अतिसंवाहकाच्या पृष्ठभागापासून आत जाताना क्षेत्र कसे घटते, हे यामुळे एकेका खोलीवर सरळ मोजता आले.

म्यूऑनियम म्हणजे काय?

अर्धवाहक आणि विद्युत्‌रोधक पदार्थांत धन म्यूऑन कित्येकदा एक इलेक्ट्रॉन पकडतो आणि हायड्रोजनसारखा हलका अणू होतो. त्याला म्यूऑनियम म्हणतात. अर्धवाहकात अशुद्धी म्हणून आलेला हायड्रोजन कोठे बसतो आणि इलेक्ट्रॉन देतो की घेतो, हे त्यावरून कळते. चुंबकत्व शोधणाऱ्याला मात्र म्यूऑनियम बहुधा अडचणच वाटतो, कारण त्याची परांचन-वारंवारता शंभर पटींहून अधिक असते आणि असममितीचा तेवढा वाटा आलेखातून गायब झाल्यासारखा दिसतो.

नमुना किती लागतो, आणि चुका कोठे होतात?

साधारणतः एक चौरस सेंटिमीटर क्षेत्र आणि मिलिमीटरभर जाडी असली की काम निभते. भुकटी चालते, लहान स्फटिकांची फरशी जोडली तरी चालते. नमुना चांदीच्या पट्टीवर चिकटवतात, कारण चांदीच्या अणुकेंद्रांची परिबले इतकी लहान आहेत, की तेथे थांबलेला म्यूऑन जवळजवळ न हलणारी पार्श्वभूमी देतो. काही ठिकाणी नमुन्यामागे हेमटाइट ठेवतात; त्यात पडलेल्या म्यूऑनांचा संकेत क्षणात विरतो आणि नमुन्याचा तेवढा उरतो. नमुना शलाकेपेक्षा लहान पडणे हीच सर्वांत सामान्य चूक. मग एक-तृतीयांश म्यूऑन चांदीत जातात, आणि 'नमुन्याचा एक-तृतीयांश भाग अचुंबकीय आहे' असा निष्कर्ष लिहिला जातो. लोखंडासारख्या अशुद्धीचे अंशही त्रास देतात, म्हणून क्ष-किरण विवर्तन आणि ग्रहणशीलता आधी मोजून यावे.

प्रयोगानंतर नमुना किरणोत्सारी होतो का?

ग्रॅफाइटच्या पृष्ठभागालगतून निघणाऱ्या या म्यूऑनांची ऊर्जा इतकी कमी असते, की ते अणुकेंद्रांत घडामोडी घडवत नाहीत आणि स्वतः पॉझिट्रॉन देऊन नाहीसे होतात. तरीही नमुना बाहेर नेण्यापूर्वी तो मापकाखाली तपासून घ्यावा लागतो, आणि तो नियम पाळावा. व्हार्निशने चांदीवर चिकटवलेली भुकटी मात्र पुन्हा पूर्ण सुटत नाही, म्हणून त्याच घाण्यातली थोडी भुकटी आधीच बाजूला काढून ठेवावी.